पाच टक्क्यांचे धनी

बँकेत आयुष्यभर व्हाउचरवर सह्या केलेल्या माणसाची टक्केवारीची ओढ निवृत्तीनंतरही सुटत नाही. म्हणूनच काही वर्षांपूर्वी लिस्बनला गेलो तेव्हा मी आधी कालूस्त गुलबेंकियन यांचे संग्रहालय गाठले. इजिप्तच्या मूर्ती, ग्रीक नाणी, इराणी गालिचे, मशिदींतले काचेचे दिवे. आणि एका कपाटात पांढऱ्या जेडचा बुटका चंबू. तो समरकंदच्या उलुगबेगासाठी घडवलेला. पुढे जहांगीर आणि शहाजहान यांनीही त्यावर आपली नावे कोरवून घेतली. धनी बदलले, चंबू तसाच राहिला.

गुलबेंकियन यांचा जन्म १८६९चा, इस्तंबूलच्या उस्कुदारमधला. घराणे आर्मेनियन व्यापाऱ्यांचे. आर्मेनियनांच्या कत्तलींमुळे १८९६ मध्ये बायकामुलांसह त्यांनी देश सोडला. पुढे इराकच्या तेलासाठी त्यांनी बड्या कंपन्यांची मोट बांधली आणि स्वतःकडे ठेवले फक्त पाच टक्के. १९२८च्या करारात ते पक्के झाले. त्याच सुमारास सोव्हिएत सरकारला परकीय चलनाची निकड होती. तेव्हा हर्मिटेज संग्रहालयातल्या काही उत्तम वस्तू त्यांनी विकत घेतल्या.

या वस्तूंना ते आपली मुले मानत. पोटचा मुलगा नुबार त्यांच्याच कचेरीत काम करी. त्याने दुपारी मागवलेल्या कोंबडीचे बिल कंपनीच्या खर्चात टाकले. वडिलांनी ते नामंजूर केले आणि मुलाने चक्क बापावर दावा लावला. ही हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मी हसलो होतो. माझ्यातल्या बँकवाल्याला बापाचेच पटले होते. त्या चंबूसमोर मात्र हसू मावळले. कॉलेजच्या सहलीहून आलेल्या माझ्या मुलाकडे मी आधी खर्चाची वही मागितली होती. काय पाहिलेस, हे विचारायचे राहूनच गेले.

महायुद्धात, १९४२ साली, गुलबेंकियन तटस्थ पोर्तुगालमध्ये आले आणि १९५५ मध्ये मृत्यू येईपर्यंत लिस्बनच्या एका हॉटेलातच राहिले. संग्रह देशोदेशी विखुरलेला होता. तो एका छताखाली यावा ही त्यांची इच्छा. ते छत १९६९ मध्ये उभे राहिले. पाहायला ते नव्हते.

संध्याकाळी खोलीवर येऊन मी मुलाला फोन लावला. चंबूबद्दल सांगितले. मग त्याच्या त्या जुन्या सहलीत त्याने काय काय पाहिले होते, ते विचारले. तो बराच वेळ बोलत होता. फोनचे बिल किती झाले, ते मी पाहिले नाही.