हकीम इब्न अल-नफीस

रुधिराभिसरणाचा धडा आला की विल्यम हार्वे हे नाव आपण वाचता. रक्त सर्व शरीरात फिरून पुन्हा हृदयाकडे येते हे या इंग्रज वैद्याने १६२८ साली दाखवून दिले. तो मान त्यांचाच. तो हिरावून घेण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु हृदयातून फुप्फुसांत आणि तेथून परत हृदयात, हा त्या वाटेचा एक टप्पा जवळजवळ ४०० वर्षे आधी एका अरब हकिमांनी बरोबर लिहून ठेवला होता.

अलाउद्दीन इब्न अल-नफीस यांचा जन्म १२१३ च्या सुमारास दमास्कसच्या परिसरात झाला. तेथील नूरी रुग्णालयात ते वैद्यक शिकले व पुढे कैरोस गेले. रुग्ण तपासावेत आणि मदरशात शाफई फिकहही शिकवावा, असा त्यांचा व्यासंग होता.

आता मुद्दा नीट ध्यानात घ्या. हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्याच्या अदृश्य छिद्रांतून डाव्या कप्प्यात झिरपते, असे दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन यांचे मत होते. हजार वर्षे सर्वजण तेच शिकत आले. इब्न सीनांच्या ‘अल-कानून’चाही आधार तोच, आणि त्या ग्रंथापुढे बोलण्याची प्राज्ञा कोणाची! इब्न अल-नफीस यांनी १२४२ साली त्याच ग्रंथातील शरीररचनेवर भाष्य लिहिले. पडदा जाड व भरीव आहे, त्याला दिसणारी वा न दिसणारी कोणतीच छिद्रे नाहीत, असे त्यांनी त्यात नि:संकोच नोंदविले. मग रक्त पलीकडे जाते कसे? ते उजव्या कप्प्यातून फुप्फुसांत जाते, तेथे हवेशी मिसळते आणि मग डाव्या कप्प्यात येते. (तेथे रक्त प्राणवायू घेते व कर्बद्विप्राणील वायू सोडते, हे पुष्कळ नंतर कळले.) हृदयाचे स्वत:चे पोषण त्याच्या भिंतीतील रक्तवाहिन्यांमार्फत होते, हेही त्यांनी ओळखले. तेव्हा त्यांचे वय अवघे २९ च्या आसपास होते.

१२८८ साली कैरोत त्यांचे निधन झाले. आपले घर व ग्रंथसंग्रह त्यांनी मन्सूरी रुग्णालयास देऊन टाकला. ‘मूजिझ’ हा त्यांचा लहान ग्रंथ पुढे शतकानुशतके, अगदी हिंदुस्थानातील युनानी हकिमांच्या अभ्यासातही, वाचला गेला. पण त्यात शरीररचनेचा भाग नव्हता. ज्या भाष्यात शोध होता, ते मात्र फडताळातच राहिले.

१९२४ साली जर्मनीत डॉक्टरेटसाठी शिकणाऱ्या मुहियुद्दीन तत्तावी या इजिप्शियन तरुणाने बर्लिनच्या ग्रंथालयात त्या भाष्याचे हस्तलिखित वाचले आणि त्यावरच प्रबंध लिहिला. प्राध्यापकांना अरबी येत नव्हते. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी प्रबंधाची प्रत कैरोतील जर्मन डॉक्टर माक्स मायरहॉफ यांच्याकडे पाठविली. मायरहॉफ यांना अरबी उत्तम येत असे. तत्तावींचे म्हणणे खरे असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला आणि पुढे स्वत: लेख लिहून इब्न अल-नफीस यांचे नाव युरोपातील विद्वानांपुढे आणले.