गणेश वासुदेव मावळंकर

गणेश वासुदेव मावळंकर (२७ नोव्हेंबर १८८८ - २७ फेब्रुवारी १९५६) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, वकील आणि संसदपटू होते. ते दादासाहेब मावळंकर या नावाने ओळखले जात. १९३७ मध्ये ते मुंबई प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष झाले, तर १९५२ मध्ये स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. सरकारला प्रश्न विचारण्याचा आणि उत्तर मिळवण्याचा सभागृहाचा अधिकार रोजच्या कामकाजात रुजवणे, हे त्यांच्या कारकिर्दीचे मुख्य कार्य होय.

पूर्वायुष्य

मावळंकरांचा जन्म बडोदे येथे एका मराठी कुटुंबात झाला. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावचे. त्यांचे प्रारंभीचे शिक्षण राजापूर व अन्य ठिकाणी झाले. १९०२ मध्ये ते पुढील शिक्षणासाठी अहमदाबादला गेले. १९०८ मध्ये गुजरात महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली सुरू केली. घरची भाषा मराठी असली, तरी त्यांचे सार्वजनिक जीवन गुजरातमध्ये घडले आणि लेखनही त्यांनी प्रामुख्याने गुजरातीत केले.

वल्लभभाई पटेल आणि महात्मा गांधी यांच्या सहवासात ते राष्ट्रीय चळवळीत आले. १९१९ पासून ते अनेक वर्षे अहमदाबाद नगरपालिकेचे सदस्य होते. निरनिराळ्या सत्याग्रहांत मिळून त्यांनी सुमारे सहा वर्षे कारावास भोगला. तुरुंगात भेटलेल्या गुन्हेगारांच्या जीवनकथांवर आधारलेले त्यांचे 'मानवतानां झरणां' हे गुजराती पुस्तक प्रसिद्ध आहे.

मुंबई विधानसभेचे अध्यक्ष

१९३५ च्या भारत सरकार कायद्यानुसार १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. मुंबई प्रांतात तेव्हा गुजरात, खानदेश, दख्खन, कोकण आणि कर्नाटकातील काही जिल्हे यांचा समावेश होता. प्रांताच्या विधानसभेत १७५ सदस्य होते. मावळंकर अहमदाबाद शहरातून निवडून आले. बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. नव्या विधानसभेचे पहिले अधिवेशन जुलै १९३७ मध्ये पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरले आणि त्यातच मावळंकरांची अध्यक्षपदी निवड झाली.

मुंबई प्रांतात कायदेमंडळ नवे नव्हते. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मंडळाची पहिली बैठक १८६२ मध्ये झाली होती. मात्र त्यात गव्हर्नर स्वतः अध्यक्षस्थानी असत आणि सदस्य नेमलेले असत. त्या सदस्यांना सरकारने पुढे ठेवलेल्या विधेयकापलीकडे बोलण्यास फारसा वाव नव्हता. प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची मुभा १८९२ च्या कायद्याने मिळाली, तीही मर्यादित होती. १९३७ मध्ये प्रथमच संपूर्ण प्रांतिक मंत्रिमंडळ निवडून आलेल्या सभागृहाला जबाबदार झाले. मतदानाचा हक्क अद्याप मालमत्ता, शिक्षण इत्यादी अटींनी बांधलेला होता आणि गव्हर्नरांकडे विशेष अधिकार राखून ठेवलेले होते.

दैनंदिन कामकाज

सभागृहाच्या कामाचा आरंभ प्रश्नोत्तरांनी होई. सदस्य आधी लेखी सूचना देत, संबंधित मंत्री उत्तर देत आणि त्या उत्तरातून उपप्रश्न निघत. त्यानंतर विधेयके मांडणे, त्यांवर सर्वसाधारण चर्चा करणे, ती चिकित्सा समितीकडे सोपवणे, कलमवार दुरुस्त्या मतास टाकणे आणि अखेरीस विधेयक संमत करणे, असा क्रम असे. अंदाजपत्रकाच्या काळात खातेनिहाय मागण्या येत. त्यांवर कपातीच्या सूचना देऊन एखाद्या खात्याच्या कारभाराकडे सभागृहाचे लक्ष वेधता येई. तातडीच्या सार्वजनिक प्रश्नावर तहकुबीची सूचना आणता येई. कोणता प्रश्न स्वीकारायचा, कोणती दुरुस्ती नियमात बसते आणि चर्चा केव्हा थांबवायची, याचा निर्णय अध्यक्षांच्या हाती असे.

त्यामुळे अध्यक्षांच्या निःपक्षपातीपणाला विशेष महत्त्व होते. मावळंकर स्वतः काँग्रेसचे होते आणि सभागृहात बहुमतही काँग्रेसचेच होते. समोर स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि जमनादास मेहता यांच्यासारखे कायद्यात व संसदीय वादात निष्णात विरोधक होते. सप्टेंबर १९३७ मध्ये आंबेडकरांनी खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३८ च्या औद्योगिक विवाद विधेयकाला त्यांनी व इतर कामगार नेत्यांनी कडाडून विरोध केला. त्याच्या निषेधार्थ ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत कामगारांचा संप झाला. बहुमताच्या बळावर विधेयक संमत होणे अटळ असले, तरी विरोधकांचे म्हणणे पुरते ऐकले जाणे हे अध्यक्षांवर अवलंबून होते.

या प्रश्नावर मावळंकरांनी मध्यम मार्ग स्वीकारला. ब्रिटिश प्रथेप्रमाणे अध्यक्षाने पक्ष सर्वस्वी सोडावा, ही अपेक्षा स्वातंत्र्यलढा चालू असताना त्यांना व्यवहार्य वाटली नाही. परंतु सभागृहात येऊ शकणाऱ्या वादग्रस्त विषयांवर अध्यक्षाने पक्षाच्या चर्चेत व प्रचारात भाग घेऊ नये, अशी त्यांची भूमिका होती.

दुसऱ्या महायुद्धात भारताला परस्पर ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. प्रांताचा कारभार गव्हर्नरांनी हाती घेतला आणि विधानसभेच्या बैठका बंद पडल्या. १९४६ पर्यंत प्रांतात सरकारला जाब विचारणारे सभागृह उरले नाही.

सभागृहाच्या अधिकाराची मर्यादा : भाटघरचे उदाहरण

विधानसभेचा अधिकार ब्रिटिश मुलखापुरता होता; प्रांताला लागून असलेली संस्थाने त्याबाहेर होती. पुण्याच्या कौन्सिल हॉलच्या दक्षिणेस, भोरजवळ असलेले भाटघर धरण हे याचे ठळक उदाहरण आहे. येळवंडी नदीवर मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या जुन्या धरणाच्या जागी १९२० च्या दशकात मोठे धरण पूर्ण झाले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावावरून त्याला लॉइड धरण म्हणत. आज त्याच्या जलाशयाला येसाजी कंक यांचे नाव आहे. हे पाणी नीरा नदीच्या डाव्या व उजव्या कालव्यांतून पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतील शेतीला मिळते.

कालव्यांचा खर्च, पाणीपट्टी आणि पाटबंधारे खात्याचा कारभार हे विषय १९३७ नंतर विधानसभेच्या कक्षेत आले. लाभक्षेत्रातील मतदारांचा प्रतिनिधी त्यांवर मंत्र्यांना प्रश्न विचारू शकत होता. धरण आणि त्याखाली गेलेली जमीन मात्र पंतसचिवांच्या भोर संस्थानात होती. तेथील प्रजेला मुंबई विधानसभेत प्रतिनिधी नव्हता. ज्यांच्या खोऱ्यात पाणी साठले, त्यांना त्या पाण्याविषयी त्या सभागृहात विचारणा करण्याचा मार्ग नव्हता. १९४८ मध्ये भोर संस्थान विलीन होऊन पुणे जिल्ह्यात आले आणि १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील प्रौढ स्त्रीपुरुषांना मतदानाचा हक्क मिळाला.

केंद्रीय कायदेमंडळ आणि लोकसभा

२४ जानेवारी १९४६ रोजी मावळंकर केंद्रीय विधानसभेचे अध्यक्ष झाले. सरकारचा पाठिंबा असलेल्या कावसजी जहांगीर यांचा त्यांनी ६६ विरुद्ध ६३ मतांनी पराभव केला. स्वातंत्र्यानंतर संविधान सभेचे घटनानिर्मितीचे काम आणि कायदेमंडळाचे काम वेगळे कसे ठेवावे, हे ठरवणाऱ्या समितीचे ते प्रमुख होते. १७ नोव्हेंबर १९४७ रोजी कायदेमंडळ म्हणून बसणाऱ्या संविधान सभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

१५ मे १९५२ रोजी लोकसभेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे त्यांच्या विरोधात उभे होते. मावळंकरांना ३९४, तर विरोधी ५५ मते पडली. त्यांच्या कारकिर्दीत अंदाज समिती (१९५०) आणि सरकारी आश्वासन समिती (१९५३) स्थापन झाल्या. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पाळले गेले की नाही, याचा पाठपुरावा दुसऱ्या समितीमुळे शक्य झाला. अधिवेशन टाळून अध्यादेश काढण्याच्या प्रवृत्तीबद्दल त्यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांना पत्रे लिहून नापसंती कळवली होती.

डिसेंबर १९५४ मध्ये विरोधी सदस्यांनी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आणला. निःपक्षपातीपणाबद्दलची शंका अशा रीतीने त्यांच्या वाट्यालाही आली. ठरावावर सभागृहात चर्चा झाली आणि तो फेटाळला गेला.

निधन

पदावर असतानाच २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबाद येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या रिक्त जागी झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुशीलाबाई मावळंकर लोकसभेवर निवडून आल्या. पुत्र पुरुषोत्तम मावळंकर हेही पुढे लोकसभेचे सदस्य झाले. सरकारी आश्वासन समिती आणि अंदाज समिती यांचे काम संसदेत आजही चालू आहे.