चिं. त्र्यं. खानोलकर : भयाच्या छायेतील जीवन

मराठी भयकथेचा विचार बहुधा नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या नावांभोवती फिरतो. चिंतामण त्र्यंबक खानोलकर यांचे नाव त्या परंपरेत सहसा घेतले जात नाही. ‘आरती प्रभू’ या नावाने लिहिलेल्या कवितेने त्यांची जी प्रतिमा रूढ केली, तीही यास कारणीभूत असावी. तथापि मराठी कादंबरीत भयाला जीवनदृष्टीचे स्थान देणारा त्यांच्या तोडीचा लेखक विरळा.

खानोलकरांचा जन्म ८ मार्च १९३० रोजी वेंगुर्ल्याजवळील बागलांची राई येथे झाला. शालेय शिक्षणापलीकडे औपचारिक शिक्षण झाले नाही. कुडाळ येथे त्यांनी खाणावळ चालविली. ती किफायतशीर ठरली नाही. गिऱ्हाइकांची पाने वाढणे, उधारीचा हिशेब ठेवणे आणि त्याच गल्ल्यावर बसून कविता लिहिणे, असा हा काळ होता. ‘सत्यकथे’तून या कविता प्रसिद्ध होऊ लागल्या, तेव्हा मुंबईच्या साहित्यवर्तुळाला हा कवी अपरिचित होता. १९५९ साली ‘जोगवा’ हा संग्रह निघाला आणि त्याच सुमारास ते मुंबईस आले. आकाशवाणीवरील नोकरी मिळाली, पण ती फार काळ टिकली नाही. पुढे कुटुंबाचा भार मुख्यतः लेखणीवर पडला. गेल्या शतकापूर्वीच्या अमेरिकेत एडगर ॲलन पो नियतकालिकांच्या तुटपुंज्या मानधनावर जगत राहिला आणि १८४९ मध्ये चाळिसाव्या वर्षी बाल्टिमोरला मरण पावला, त्याची येथे आठवण होते. साम्य मात्र एवढेच. पोची भीती बंदिस्त वास्तूंतून आणि विकृत मनांतून उपजते. खानोलकरांची भीती मोकळ्या समुद्रकाठी, भर माणसांत उभी असते.

‘रात्र काळी घागर काळी’ (१९६२) मधील लक्ष्मीचे सौंदर्यच तिच्याभोवती विनाश ओढून आणते. ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबरीचे नाव वेंगुर्ल्याजवळच्या खऱ्याच किनाऱ्याचे. तेथे परशुरामतात्याला सिद्धपुरुषाकडून मुळी मिळते, तीही ब्रह्मचर्याच्या अटीवर. वरदान हे वरदान आहे की सापळा, हे त्याला अखेरपर्यंत उमगत नाही. ‘गणुराय आणि चानी’मध्ये तर अमानुष असे काहीच नाही. परक्या रक्ताची, वेगळ्या वर्णाची एक पोर आणि तिला वाळीत टाकणारा गाव एवढेच आहे. परंतु तिथली भीती ‘कोंडुरा’हून उणी नाही. या भीतीचा उगम कोकणच्या देवदेवस्कीत शोधणे सोपे आहे, पण अपुरे आहे. उद्याचा भरवसा नसलेल्या माणसाला नियती ज्या रूपात भेटते, ते रूप या कादंबऱ्यांत आहे. अर्थात लेखकाच्या हलाखीवरून कलाकृतीचे मोल ठरत नाही. काही कादंबऱ्यांत घाईच्या खुणा दिसतात, त्या निर्वाहाच्या निकडीने समजतील, क्षम्य ठरणार नाहीत.

नाटकातही त्यांनी रूढ चौकट मोडली. ‘एक शून्य बाजीराव’ १९६६ साली विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली ‘रंगायन’ने रंगभूमीवर आणले.

२६ एप्रिल १९७६ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘चानी’ चित्रपट १९७७ मध्ये आला. १९७८ मध्ये ‘नक्षत्रांचे देणे’ या संग्रहास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी ‘कोंडुरा’ हिंदी व तेलुगू अशा दोन भाषांत पडद्यावर आणला. यांपैकी काहीही पाहण्यास ते हयात नव्हते.