कोपरात तार घालायची वाट मोकळी करणारे डॉक्टर जोसेफ लिस्टर

बैलगाडीवरून पडलं, मोटारसायकल घसरली, नाहीतर ओल्या बांधावर पाय सटकून माणूस कोपरावर आपटलं, की आपण त्याला तालुक्याला नेतो. एक्स-रे निघतो. हाड सरकलंय, तार घालावी लागेल, असं डॉक्टर सांगतात. मग आपण विचारतो खर्च किती, आणि कामाला कधी लागता येईल. माणूस जगेल का, हे कुणी विचारत नाही. दीडशे वर्षांपूर्वी मात्र सगळ्यात आधी हेच विचारावं लागलं असतं. तो प्रश्न मागे पडला त्यात मोठा वाटा इंग्लंडच्या जोसेफ लिस्टर यांचा.

आधी कोपराचं सांगतो. हात दुमडला की मागे जे टोकदार हाड लागतं, त्याला दंडाच्या मागचा मोठा स्नायू जोडलेला असतो. त्याच्याच जोरावर आपण हात सरळ करतो, खाटेवरून रेटा देऊन उठतो, डोक्यावरचं ओझं वर उचलतो. ते टोक तुटलं की हाच स्नायू तुटका तुकडा वर ओढतो. मधे फट पडते. वरून कितीही पट्ट्या बांधा, ती फट नीट मिटत नाही. हात सरळ ठेवून महिना दीड महिना बांधला तर कोपर आखडतं. म्हणजे हाड उघडून दोन्ही तुकडे एकत्र बांधणं, हाच खरा इलाज. पण उघडायचं कुणी?

लिस्टर यांचा जन्म 5 एप्रिल 1827 चा, लंडनजवळच्या अप्टनचा. वडील दारूचे व्यापारी, पण नाद सूक्ष्मदर्शकाचा. त्याच्या भिंगांत त्यांनी मोठी सुधारणा केली. डोळ्याला न दिसणारं काहीतरी असतं, हे या पोरानं घरातच पाहिलं होतं. पुढं ते कामाला आलं.

डॉक्टरकी शिकून ते 1853 साली एडिंबरला जेम्स साइम या नामांकित सर्जनकडे गेले. साइम यांचं नाव कोपरासाठीही होतं. सडलेल्या कोपरासाठी अख्खा हात कापायची तेव्हा रीत होती. साइम फक्त सांधा काढून टाकत आणि खालचा हात वाचवत. लिस्टर त्यांचे शिष्य झाले आणि 1856 ला जावईही. साइम यांची मुलगी ॲग्नेस हिच्याशी लग्न करायचं म्हणून त्यांनी आपला क्वेकर पंथ सोडला. मूलबाळ झालं नाही, पण ॲग्नेसबाई जन्मभर त्यांच्या प्रयोगांच्या नोंदी लिहीत राहिल्या. त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून इथं मुद्दाम लिहितोय.

1860 ला ते ग्लासगोला प्राध्यापक झाले. तेव्हाचे दवाखाने म्हणजे काय होतं? भूल देण्याचं औषध 1846 पासून आलं होतं, त्यामुळं दुखणं थांबलं आणि ऑपरेशनं वाढली. पण जखमा चिघळायच्या. रक्तापुवानं कडक झालेला कोट घालून सर्जन एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जायचे, हात धुणं दूरच. हाड मोडून कातडी फाटली असेल तर बहुतेक वेळा तो हात किंवा पाय कापायचा, आणि कापूनही पुष्कळ जण मरायचे. कातडी शाबूत असेल तर तिला सुरी लावायची नाही, हा पक्का नियम. त्या काळात तो नियम शहाणपणाचाच होता, हे मान्य करायला पाहिजे.

ग्लासगोचे रसायनाचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी लिस्टर यांना फ्रान्सच्या पाश्चर यांचं काम दाखवलं. कुजणं हवेतल्या सूक्ष्म जीवांमुळं होतं, असं त्यात होतं. मग जखमेतले हे जीव मारायचे कशानं? इथली गोष्ट आपल्या शेतकऱ्यांच्या कामाची आहे. कार्लाइल गावात गटाराच्या पाण्यात कार्बोलिक ॲसिड टाकायचे. ते पाणी सोडलेल्या कुरणातली घाण गेलीच, वर तिथं चरणाऱ्या गुरांचा जंताचा आजारही थांबला. लिस्टर यांनी हे ऐकलं आणि तेच औषध माणसाच्या जखमेवर आणलं. जुन्या लाल साबणाचा उग्र वास ज्यांना आठवतो, त्यांना कार्बोलिक वेगळं सांगायला नको.

12 ऑगस्ट 1865 ला जेम्स ग्रीनलीस नावाचा 11 वर्षांचा पोरगा आला. गाडीचं चाक पायावरून गेलेलं, हाड मोडून जखम झालेली. लिस्टर यांनी कार्बोलिकमध्ये भिजवलेलं कापड जखमेवर ठेवलं. पू झाला नाही. सहा आठवड्यांनी पोरगा दोन्ही पायांवर घरी गेला. 1867 ला त्यांनी अशा 11 रुग्णांची हकीकत छापली. त्यातले नऊ जण हातपाय शाबूत ठेवून बरे झाले. एकाचा पाय कापावा लागला आणि एक जण दगावला, तेही लपवलं नाही.

यानंतरचं पाऊल मला जास्त धाडसाचं वाटतं. फुटलेली जखम सांभाळणं वेगळं आणि धड कातडी आपल्या हातानं कापून सांधा उघडणं वेगळं. पहिल्यात रोगी तसाही मरणाच्या दारात असतो. दुसऱ्यात तो चालता-बोलता असतो, फक्त हात अधू असतो. त्याला काही झालं तर दोष सर्जनचा. एडिंबरला परत आल्यावरच्या काळात लिस्टर यांनी न जुळलेलं कोपराचं टोक उघडलं, दोन्ही तुकड्यांना भोकं पाडली, चांदीची तार ओवली आणि पीळ देऊन आवळली. हात, हत्यारं, तार, सगळं कार्बोलिकमधून काढलेलं. एक्स-रेचा शोध तर 1895 चा, म्हणजे हाड कुठं सरकलंय हे बोटानंच चाचपायचं.

1877 ला ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात आले. तिथल्या जुन्या सर्जनांना जंतू वगैरे थोतांड वाटायचं. आल्याआल्या ऑक्टोबरात त्यांनी मोडलेली गुडघ्याची वाटी तशाच तारेनं बांधली. रोगी मेला तर लिस्टरवर खटला भरावा, असा सूर लंडनच्या एका बड्या सर्जननं लावला. रोगी बरा झाला, गुडघा चांगला वाकू लागला. सहा वर्षांनी लिस्टर यांनी अशी ऑपरेशनं केलेले रोगीच डॉक्टरांच्या सभेपुढं उभे केले.

त्यांची पद्धत जर्मनीत आधी रुजली. तिथले मोठे पुरस्कर्ते रिचर्ड फोल्कमान. हाड मोडल्यावर पट्टी फार आवळली तर रक्त अडतं, स्नायू मरतात आणि बोटं कायमची आकडतात, हे त्यांनी 1881 ला लिहिलं. लहान पोरांचं कोपराच्या वरचं हाड मोडतं तेव्हा हा धोका असतोच. आपल्याकडं अजून बांबूच्या कांबी करकचून बांधतात. बांधल्यावर बोटं गार, निळी पडली, बधिर झाली किंवा सरळ करताना पोरगं कळवळलं, तर पट्टी लगेच सैल करा आणि दवाखाना गाठा. सकाळची वाट बघू नका.

लिस्टर यांचं सगळंच टिकलं असं नाही. ऑपरेशनच्या वेळी हवेत कार्बोलिकचा फवारा मारायचे, त्यानं सगळ्यांचे हात सोलायचे. 1890 ला त्यांनी स्वतःच तो सोडल्याचं जाहीर केलं. चांदीची तारही गेली. आता स्टीलच्या दोन सरळ सळया आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवलेली तार घालतात, त्यामुळं हात वाकवताना तुकडे उलट एकमेकांवर दाबले जातात.

1893 ला इटलीत ॲग्नेसबाई न्यूमोनियानं गेल्या. त्यानंतर लिस्टर यांचं मन कामात फारसं लागलं नाही. 1897 ला सरकारनं त्यांना लॉर्ड केलं. 10 फेब्रुवारी 1912 ला वॉल्मर इथं, वयाच्या 84 व्या वर्षी ते गेले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत त्यांची अंत्यप्रार्थना झाली. तिथं राजे-रजवाड्यांच्या रांगेत जागा मिळाली असती. पण दफन वेस्ट हॅम्पस्टेडच्या साध्या दफनभूमीत झालं, ॲग्नेसबाईंच्या शेजारी.