ठाण्याचे रक्तसाक्षी धन्यवादित थॉमस

ठाणे शहरी मासुंदा तलावाच्या काठी संत जॉन बाप्टिस्ट यांचे पुरातन चर्च आहे. ते पोर्तुगीज अमलात उभे राहिले. म्हणून ठाण्यातील ख्रिस्ती श्रद्धाही पोर्तुगिजांबरोबरच आली, असे पुष्कळांस वाटते. परंतु हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला तो १५३४ च्या वसईच्या तहाने. त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी या भूमीवर एका वयोवृद्ध संन्याशाचे रक्त सांडले होते. ते धन्यवादित थॉमस होत.

इटलीतील तोलेंतिनो गावी सुमारे १२५५ मध्ये त्यांचा जन्म झाला. फ्रान्सिस्कन संघात प्रविष्ट झाल्यावर दारिद्र्यव्रत काटेकोर पाळावे, असा त्यांनी आग्रह धरला आणि त्यापायी स्वसंघीयांच्याच हातून कारावास सोसला. सुटकेनंतर ते आर्मेनियास गेले. चीनमध्ये धर्मकार्य करणाऱ्या मोन्तेकोर्विनोच्या जॉन यांची वार्ता त्यांनी १३०७ मध्ये पोप पाचवे क्लेमंट यांच्या कानी घातली. तेव्हापासून चीनची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना.

उतारवयात ते होर्मुझहून जहाजाने निघाले. पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर, तिफ्लिसचे देमेत्रियुस आणि डोमिनिकन संघाचे जॉर्डन हे त्यांचे सोबती होते. गाठावयाचे होते कोल्लम. पण जहाज लागले ठाण्याच्या बंदरास. येथे नेस्तोरियन परंपरेच्या एका ख्रिस्ती कुटुंबाने या परक्या पाहुण्यांस आसरा दिला. पुढे त्या घरातील पतिपत्नींचा कलह काझीपुढे गेला. साक्षीस बोलावलेल्या संन्याशांना धर्माविषयी प्रश्न विचारण्यात आले. प्राण वाचविण्यासाठी त्यांनी आपली श्रद्धा लपविली नाही. ९ एप्रिल १३२१ रोजी थॉमस, जेम्स व देमेत्रियुस यांचा वध झाला. दोन दिवसांनी पीटरही त्याच वाटेने गेले.

जॉर्डन त्या वेळी बाप्तिस्मे देण्यासाठी अन्यत्र गेले होते. परतल्यावर त्यांनी सोबत्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. काही वर्षांनी पोर्देनोनेचे ओदोरिक यांनी त्या अस्थी चीनला नेल्या. जिवंतपणी अपुरा राहिलेला थॉमस यांचा प्रवास असा पूर्ण झाला. १८९४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्यांच्या पूजनास मान्यता दिली.

पोर्तुगीज गेले, १७३७ मध्ये मराठे आले, १७७४ मध्ये इंग्रज आले, तेही गेले. राज्ये येतात आणि जातात. आपल्या मुलाबाळांस तलावाकाठचे चर्च दाखविताना एवढे अवश्य सांगावे, की त्याच्या भिंती परकी सत्ता असताना उठल्या. परंतु थॉमस यांच्यासाठी जे दार उघडले, ते ठाण्यातल्याच एका घराचे होते.