बरणीतलं टपाल

गेल्या पावसाळ्यात आईचं जेवण कमी झालं. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची. दमा जुना, साखर त्याहून जुनी. आधी तिखट नको म्हणाली, मग आमटी नको, मग चहासुद्धा बशीत ओतून तो गार होईपर्यंत नुसती बघत बसायची. तोंड आलं असेल, असं आम्ही धरून चाललो. तोंड येणं म्हणजे पोटातली उष्णता, हे आपल्याकडे ठरलेलंच! शेजारच्या वहिनींनी घरी केलेला गुलकंद आणून दिला आणि मधुमेह असलेल्या आईला मी तो चार दिवस चमच्यानं भरवला. पाचव्या दिवशी पाणी गिळतानाही तिचा चेहरा वेडावाकडा व्हायला लागला, तेव्हा कुठे कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी जिभेवर लाकडी पट्टी दाबून आत पाहिलं. टाळूवर, गालांच्या आतल्या बाजूला आणि थेट घशापर्यंत पांढरे पुंजके होते, दह्याच्या कवड्या चिकटाव्यात तसे. त्यांनी एक कवडी पट्टीनं खरवडली. खाली लालभडक. दुधाची साय असती तर सहज पुसली गेली असती, खाली अशी जखम दिसली नसती. खरवडलेलं थोडं काचपट्टीवर घेऊन त्यांनी त्यावर पोटॅशच्या द्रावणाचा थेंब टाकला. त्या थेंबात आपल्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे तेवढे शाबूत राहतात. सूक्ष्मदर्शकातून त्यांनी ते मलाही दाखवले. घशातली बुरशी! दम्याचा पंप घेतल्यावर त्यातल्या स्टिरॉइडचा अंश घशात बसतो, तिथली राखण ढिली पडते आणि एरवी गुपचूप राहणारी कँडिडा नावाची बुरशी हातपाय पसरते. रक्तातली वाढलेली साखर तिच्या मदतीलाच असते. पंप घेतला की चूळ भरायची, हे आम्हाला पूर्वी सांगितलेलं होतं. आम्ही ते कानाआड केलं होतं.

औषध म्हणून एक पिवळसर द्राव मिळाला, तोंडात घोळवून मग गिळायचा. बाटलीवर नाव होतं निस्टॅटिन. सदतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे बारीक अक्षरात छापलेलं वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. हा शब्द लॅटिन असावा असं वाटलं होतं. शोध घेतला तर त्यातली पहिली अक्षरं निघाली न्यूयॉर्क स्टेटची. एका राज्य सरकारच्या आरोग्य खात्याचं नाव औषधाला! ते कुणी दिलं हे शोधता शोधता मी एलिझाबेथ ली हेझन या बाईंपाशी पोहोचले आणि गेले काही महिने त्यांच्याच घरी मुक्कामाला असल्यासारखी वावरते आहे.

घशातली ही बुरशी डॉक्टरांच्या ओळखीची व्हायला तसा उशीर झाला नव्हता. १८३९ साली जर्मनीत लांगेनबेक यांनी आणि १८४२ साली पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रूबी यांनी ती पाहिली होती. पण ओळख पटून शंभर वर्षं गेली तरी धड औषध नव्हतं. जेन्शन व्हायोलेट नावाचं ते जांभळं औषध माझ्या पिढीला आठवत असेल. तान्ह्या बाळाच्या तोंडात कापसानं लावायचं आणि मग बाळ, दुपटं आणि आईचा पदर, सगळंच जांभळं!

एलिझाबेथचा जन्म २४ ऑगस्ट १८८५ चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या रिच नावाच्या खेड्यातला. घरची कापसाची शेती. चार वर्षांची होण्याआधीच आई-वडील दोघंही गेले आणि भावंडं काका-काकूंच्या घरी वाढली. शाळा एका खोलीची. १९१० साली मुलींच्या कॉलेजातून पदवी घेऊन ती जॅक्सन गावी पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र शिकवू लागली. दक्षिणेतल्या शेतकरी घरातल्या मुलीनं एवढ्यावर समाधान मानलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. तिनं साठवलेल्या पैशावर न्यूयॉर्क गाठलं आणि १९१७ साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. झाली. मग महायुद्धात लष्कराच्या प्रयोगशाळेत काम, मग वेस्ट व्हर्जिनियात एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत चार वर्षं, मग पुन्हा कोलंबिया. एरंडाच्या बीमधल्या विषावर प्रबंध लिहून १९२७ साली ती डॉक्टरेट झाली तेव्हा वय होतं बेचाळीस. आता इथून पुढे त्यांना हेझनबाई म्हणायला हवं.

१९३१ साली त्या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात लागल्या. काम जवळजवळ गुप्तहेराचं. कुठे अँथ्रॅक्सची साथ आली, ती ब्रश बनवणाऱ्या कारखान्यापर्यंत माग काढत नेली. कुठे माणसं दगावली, तर परदेशाहून आलेल्या डबाबंद माशांतलं विष पकडून दिलं. आम्हा बँकवाल्यांना हा स्वभाव लगेच कळतो. ताळेबंदात बारा आण्यांचा फरक असला तरी तो सापडेपर्यंत घरी न जाणारा एक माणूस प्रत्येक शाखेत असतो.

१९४४ साली खात्याच्या प्रमुखांनी बुरशीजन्य रोगांचं काम त्यांच्याकडे सोपवलं. त्या एकोणसाठ वर्षांच्या होत आल्या होत्या. या वयात आमच्याकडे शाल, श्रीफळ आणि मनगटी घड्याळ देऊन निरोप देतात! (माझं घड्याळ सहा महिन्यांत बंद पडलं. असो.) हेझनबाई पुन्हा कोलंबियाच्या बुरशी-प्रयोगशाळेत जाऊन शिकू लागल्या. डॉक्टरांकडून येणारे नमुने त्या तपासत, बुरश्या ओळखत आणि ओळख पटलेली प्रत्येक जात जपून ठेवत. हा संग्रह म्हणजे त्यांचं खतावणी-बुकच.

काळही तसाच होता. पेनिसिलिन बाजारात आलं होतं, पाठोपाठ मातीतल्या जंतूपासून काढलेलं स्ट्रेप्टोमायसिन आलं. ही औषधं जीवाणू मारत, बुरशीला मात्र धक्काही लावत नसत. उलट तिला दाबून ठेवणारे जीवाणूच मेल्यामुळे तोंडात, घशात, आतड्यात बुरशीला रान मोकळं मिळे. एका दुखण्यातून उठलेला रोगी दुसऱ्यात सापडायचा. मातीत जीवाणूंवर औषध सापडतं तर बुरशीवर का सापडू नये, हा हेझनबाईंचा प्रश्न होता. पण माती चाळून जंतू वेगळे करणं त्यांना येत होतं; जंतूंनी सोडलेल्या रसातून नेमकं औषध वेगळं काढणं हे रसायनशास्त्रज्ञाचं काम होतं.

ती व्यक्ती त्याच खात्यात होती, पण ऑल्बनीला. रेचेल फुलर ब्राउन, हेझनबाईंहून तेरा वर्षांनी लहान. त्यांचंही बालपण ओढगस्तीचं. वडील घर सोडून गेलेले, कॉलेजची फी आजीच्या एका श्रीमंत मैत्रिणीनं भरलेली. शिकागोत प्रबंध लिहून झाला होता, पण पुढच्या सोपस्कारांआधीच पैसे संपले म्हणून नोकरी धरली आणि पदवी हाती आली ती थेट १९३३ मध्ये.

१९४८ साली दोघींचं काम सुरू झालं. न्यूयॉर्क शहर ते ऑल्बनी हे अंतर आपल्या पुणे-कोल्हापूरइतकं. फळं टिकवायला वापरतात तसल्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्यांत हेझनबाई जंतूंची पैदास भरत आणि सरळ टपालानं धाडून देत. ऑल्बनीला ब्राउनबाई वेगवेगळ्या द्रावकांनी त्यातून रस काढत आणि तो टपालानंच परत पाठवत. हेझनबाई तो दोन बुरश्यांवर घालून पाहत. एक कँडिडा, आणि दुसरी मेंदूला सूज आणणारी क्रिप्टोकॉकस. बुरशी मेली की मग उंदरांवर परीक्षा. बहुतेक वेळा बुरशीबरोबर उंदीरही मरत आणि वहीत त्या नावापुढे काट बसे. मी शाखेत आवक-जावक टपाल सांभाळलेलं आहे. लाखेचं सील फुटलेली पाकिटंही पाहिली आहेत. त्यामुळे त्या बरण्या पोस्टाच्या थैल्यांतून धक्के खात रोज जा-ये करत होत्या, हे वाचून मला औषधापेक्षा पोस्टाचंच जास्त कौतुक वाटलं.

अनेक ठिकाणच्या माती तपासून झाल्या. शेवटी यश आलं ते स्वतः हेझनबाईंनी उकरून आणलेल्या मातीत. व्हर्जिनियात नर्स आडनावाच्या स्नेह्यांच्या शेतावर त्या सुट्टीला गेल्या होत्या. तिथल्या मातीतल्या एका जंतूनं दोन द्रव्यं बनवली. एक फार विषारी. दुसऱ्यानं बुरशी मेली आणि उंदीर जिवंत राहिले. त्या स्नेह्यांच्या नावावरून जंतूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस नर्सी. १९५० साली शोध जाहीर झाला तेव्हा हेझनबाई पासष्ट वर्षांच्या होत्या. औषध बाजारात आलं १९५४ साली.

ते काम कसं करतं, तेही पाहण्यासारखं आहे. बुरशीच्या पेशीच्या कातडीत अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. निस्टॅटिन त्याला चिकटतं, कातडीला भोकं पडतात आणि आतला ऐवज गळून जातो. आपल्या पेशींत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असतं, म्हणून आपण वाचतो. तोंडातून घेतलं तर ते रक्तात जवळजवळ शिरतच नाही. तोंड, घसा, आतडी, कातडी इथं ते उत्तम. रक्तात किंवा मेंदूत गेलेल्या बुरशीला त्याचा उपयोग नाही. तिथे कामाला आलं त्याच घराण्यातलं अँफोटेरिसिन, व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतून १९५५ साली मिळालेलं. २०२१ साली करोनानंतर काळ्या बुरशीनं आपल्याकडे नाक, डोळे, जबडे पोखरले, तेव्हा ज्या इंजेक्शनासाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते ते हेच.

आता पैशाबद्दल. माझा पेशा सुटला असला तरी खोड सुटलेली नाही. पेटंट १९५७ साली मिळालं, ते रिसर्च कॉर्पोरेशन या विनानफा संस्थेमार्फत, आणि मुदत संपेपर्यंत रॉयल्टी जमली १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक. दोघींनी यातला एकही पैसा घेतला नाही. अर्धी रक्कम त्या संस्थेकडे संशोधनाच्या मदतीसाठी गेली, अर्धी ब्राउन-हेझन निधीत. त्यातून पुढे बुरशीचे रोग अभ्यासणाऱ्यांना पैसा मिळत राहिला. दोघी आपल्या सरकारी पगारावर राहिल्या. मी कर्जाच्या खुर्चीत बसून शेकडो माणसं पाहिली आहेत. पैसा सोडणारी थोडी भेटली. पैसा सोडून पुन्हा दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर येणारी त्याहूनही थोडी. या दोघी कामावर आल्या आणि आणखी दोन प्रतिजैविकं त्यांनी शोधली. ती निस्टॅटिनइतकी गाजली नाहीत.

मातीची ही वाट आपल्याकडेही आली, हे मला आई आजारी पडल्यावर कळलं, खरं तर पस्तीस वर्षं आधीच कळायला हवं होतं. १९८७ साली मी पिंपरीच्या शाखेत होते. पावसाळ्यात माझा उजवा कान खाजायला लागला, मग गच्च झाला. आजीच्या पद्धतीनं लसणीचं कोमट तेल घातलं, केसातल्या आकड्यानं खाजवलं. एका डॉक्टरांनी प्रतिजैविकाचे थेंब दिले ते महिनाभर घातले आणि कान अधिकच बिघडला. शेवटी एका वयस्क तज्ज्ञांनी कानातून ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं काहीतरी बाहेर काढलं, वर काळे ठिपके. अ‍ॅस्परजिलस नायगर नावाची काळी बुरशी. तेलानं कान ओला राहिला, आकड्यानं त्वचा सोलली आणि प्रतिजैविकानं वाट मोकळी करून दिली, ही सगळी कुंडली त्यांनी तेव्हाच मांडली होती. आधी कान स्वच्छ करणं हाच निम्मा उपचार, पडदा फाटलेला नाही ना हे पाहणं आणि मगच थेंब. आता बहुतेक क्लोट्रिमॅझोलचे देतात. मला मिळाले होते हॅमायसिनचे. हे हॅमायसिन निस्टॅटिनचंच भावंड, १९६१ च्या सुमारास पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या जंतूपासून काढलेलं. त्या जंतूचं नाव काय, तर स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! त्या कंपनीतल्या लोकांची पासबुकं मी वर्षानुवर्षं भरत होते आणि माझ्या कानात काय पडतंय याचा मला पत्ता नव्हता.

हेझनबाई १९६० साली सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्या, पण कोलंबियाच्या प्रयोगशाळेत पाहुण्या संशोधक म्हणून जातच राहिल्या. प्रसिद्धीची त्यांना मनापासून नावड. १९६६ साली फ्लॉरेन्सला पूर आला, चिखलात भिजलेल्या चित्रांवर बुरशी चढली, तेव्हा तिथेही निस्टॅटिन वापरलं गेलं. १९७३ साली आजारी बहिणीजवळ राहावं म्हणून त्या सिअ‍ॅटलला गेल्या आणि २४ जून १९७५ ला तिथेच वारल्या. ब्राउनबाई १९८० साली गेल्या. अमेरिकेतल्या संशोधकांच्या मानाच्या यादीत दोघींची नावं लागली ती १९९४ मध्ये.

हे सगळं मी आईला रात्री थोडं थोडं सांगितलं. एवढे पैसे सोडले म्हटल्यावर तिनं त्या बाईंना मूलबाळ होतं का, असं विचारलं. दोघीही अविवाहित, असं सांगितल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हातारपणी त्यांचं कुणी केलं, हा तिचा पुढचा प्रश्न होता. मी बहिणीचं सांगितलं तेव्हा कुठे तिला झोप लागली.

बाटली संपायच्या आत ती आमटी-भात जेवायला लागली होती. आता पंप घेतला की काठी टेकत बेसिनपर्यंत जाते आणि खळखळून तीन चुळा भरते. हे लिहिताना तो आवाज माझ्या टेबलापर्यंत येतो आहे.