आशेरच्या रस्त्यावरील लाल सैतान

विजेवर चालणारी मोटार ही एकविसाव्या शतकाची देणगी आहे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी जगातील पहिली मोटार विजेवरच धावली होती. ती घटना २९ एप्रिल १८९९ची. सुकाणू हाती होते कामीय जेनात्झी या बेल्जियन अभियंत्याच्या. लालसर दाढी आणि जिवावर उदार होऊन गाडी हाकण्याची पद्धत यांमुळे पुढे त्याला 'लाल सैतान' हे नाव चिकटले, आणि त्यालाही ते नाव शोभून दिसले.

जेनात्झीचा जन्म १८६८मध्ये ब्रसेल्सजवळच्या स्कारबेक येथे झाला. वडिलांचा रबरी वस्तूंचा कारखाना होता. घरची स्थिती चांगली. मुलाने अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि विजेच्या साह्याने वाहने ओढण्याच्या तंत्राकडे त्याचे मन वळले. वडिलांच्या धंद्यात स्थिरावण्याऐवजी त्याने पॅरिस गाठले आणि विजेवर चालणाऱ्या घोडागाड्यांच्या घाटाच्या भाड्याच्या व मालवाहू गाड्या बनविण्यास प्रारंभ केला.

त्या काळात हा निर्णय मुळीच वेडेपणाचा नव्हता. पेट्रोलची गाडी दांडा फिरवून सुरू करावी लागे. ती खडखडे, धूर ओके, आणि दंतचक्रे बदलताना चालकाची परीक्षा पाही. वाफेच्या गाडीत आधी पाणी तापण्याची वाट पाहावी लागे. विजेची गाडी मात्र खटका दाबताच निमूटपणे चालू लागे. विद्युत मोटरला जोर धरण्यासाठी आधी वेग घ्यावा लागत नाही. जागेवरून निघतानाच तिचा जोर सर्वाधिक असतो. नोव्हेंबर १८९८मध्ये पॅरिसजवळच्या शांतलू येथे चढणीच्या रस्त्यावरील शर्यत झाली, तेव्हा जेनात्झीच्या विजेच्या गाडीने पेट्रोलच्या गाड्यांना मागे टाकले, ते याच गुणाच्या बळावर.

मात्र पॅरिसच्या बाजारात तो एकटा नव्हता. शार्ल जांतो हा कसलेला गाडीनिर्माता त्याचा थेट स्पर्धक होता. जांतोची गाडी घेऊन काउंट गास्तों द शास्लू-लोबा हा उमराव १८ डिसेंबर १८९८ रोजी आशेरच्या रस्त्यावर उतरला. 'ला फ्रान्स ऑटोमोबिल' या नियतकालिकाने ही चाचणी योजिली होती. पॅरिसचे सांडपाणी ज्या शेतांत सोडले जाई, त्या शेतांमधून जाणारा हा सरळ, सपाट रस्ता. वेगाच्या इतिहासाला याहून कमी काव्यमय जागा मिळाली नसती! काउंटने एक किलोमीटर अंतर ५७ सेकंदांत, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटर वेगाने कापले. अधिकृतपणे नोंदला गेलेला मोटारीचा हा पहिला वेगविक्रम. जेनात्झी त्या दिवशी तेथे नव्हता. बातमी कळताच त्याने काउंटला आव्हान दिले.

पुढचे चार महिने हे द्वंद्व चालले. १७ जानेवारी १८९९ रोजी जेनात्झीने ताशी ६६.६६ किलोमीटरचा वेग गाठला. पण त्याच दिवशी काउंटने ७०.३१पर्यंत मजल मारून विक्रम परत घेतला. या धावेत अखेरच्या टप्प्यात त्याच्या गाडीची मोटर जळून गेली. दहा दिवसांनी जेनात्झीने ८०.३५चा आकडा नोंदविला. ४ मार्च रोजी काउंटने टोकदार आकाराची गाडी आणून वेग ९२.७८वर नेला.

दोघांपुढची अडचण एकच होती. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट हवा असेल तर केवळ हवेसाठीच आठपट शक्ती हवी. म्हणजे अधिक विद्युतघट हवेत. पण शिशाचे घट वाढविले की गाडी जड होणार. जेनात्झीने ओळखले की भाड्याच्या गाड्यांमध्ये किरकोळ फेरफार करून आता भागणार नाही. केवळ वेगासाठी जन्मलेली गाडी हवी.

तिचे नाव त्याने 'ला जामे कोंतांत' ठेवले. अर्थ, कधीच समाधान न पावणारी. फ्रेंच भाषेत गाडी स्त्रीलिंगी असल्याने नावही स्त्रीलिंगी. हा टोला नेमका कोणाला होता, यावर नंतर पुष्कळ रसभरीत कथा रचल्या गेल्या. गाडीचे कवच रॉथशिल्ड या गाडीबांधणी करणाऱ्या संस्थेने पार्तिनियम या ॲल्युमिनियमच्या हलक्या मिश्रधातूचे बनविले होते. आकार तोफगोळ्यासारखा, दोन्ही टोकांना निमुळता. आत फुल्मेन कंपनीचे घट, मागील चाकांना थेट जोडलेल्या २५ किलोवॅटच्या दोन मोटरी, म्हणजे एकूण सुमारे ६७ अश्वशक्ती, आणि चाकांवर मिशलँचे हवा भरलेले टायर. रबराच्या कारखान्याशेजारी वाढलेल्या मुलाला टायरचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नसेल. वजन मात्र दीड टनाच्या आसपास होतेच. गंमत अशी की, इतका विचार करून घडविलेल्या या गोळ्यावर चालक कमरेपासून वर उघडा बसे. चाके आणि सांगाडाही खाली उघडेच होते. हवा कापण्याचे निम्मे श्रम त्यामुळे वाया जात.

शंभराच्या पुढील वेगात माणसाला श्वास घेता येईल का, अशी शंका काढणारे लोक तेव्हा होते. २९ एप्रिल रोजी जेनात्झीने तो किलोमीटर ३४ सेकंदांत पार केला. ताशी १०५.८८ किलोमीटर. काउंटने त्यावर उत्तर दिले नाही. तो पुढे आजारी पडून १९०३मध्ये वारला.

जेनात्झीचा विक्रम तीन वर्षे अबाधित राहिला. एप्रिल १९०२मध्ये लेऑं सेर्पोले याने नीस येथे वाफेच्या गाडीने तो मोडला आणि काही महिन्यांतच पेट्रोलच्या गाड्या पुढे सरसावल्या. सर्व प्रकारच्या मोटारींमधील सर्वोच्च वेगाचा मान विजेकडे पुन्हा कधीच आला नाही.

खरा पराभव मात्र वेगाचा नव्हता, अंतराचा होता. 'ला जामे कोंतांत' एका धावेपुरती अजिंक्य होती. पॅरिसहून दुसऱ्या शहरी जाण्याचे काम ती करू शकत नव्हती. शर्यती तर आता शहरांच्या दरम्यान होऊ लागल्या होत्या. जेनात्झीने पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटर एकाच गाडीत जोडून पाहिली. शंभर वर्षांनी जी कल्पना घराघरांत पोहोचली, तिचे हे एक आरंभीचे रूप. पण बाजाराने ते स्वीकारले नाही. १९०२च्या आर्देनच्या शर्यतीत स्वतः बांधलेल्या गाडीचा भीषण अपघात होऊनही तो बचावला. त्यानंतर तो दुसऱ्यांच्या पेट्रोल गाड्या चालवू लागला. विजेचा सर्वांत धाडसी प्रचारकच विजेला सोडून गेला.

कीर्तीचा कळस त्याला या दुसऱ्या पर्वातच लाभला. गॉर्डन बेनेट चषकाची १९०३ची शर्यत ब्रिटनकडे होती. तेथील रस्त्यांवर शर्यतीस बंदी असल्याने संसदेत खास कायदा करून ती आयर्लंडमध्ये अथाय गावाच्या परिसरात घेण्यात आली. त्याच वर्षी मे महिन्यात पॅरिस-माद्रिद शर्यत मृत्यूंच्या मालिकेमुळे बोर्दोला थांबवावी लागली होती, त्यामुळे येथे रस्ते बंद करून कडक पहारा होता. शर्यतीच्या काही आठवडे आधी मर्सिडीझच्या कान्स्टाट येथील कारखान्याला आग लागून नव्वद अश्वशक्तीच्या शर्यतीच्या गाड्या खाक झाल्या. मग ग्राहकांना विकलेल्या साठ अश्वशक्तीच्या गाड्या मागून आणाव्या लागल्या. जेनात्झीच्या वाट्याला क्लॅरन्स ग्रे डिन्समोर या अमेरिकन धनिकाची गाडी आली. २ जुलै रोजी त्याने ५२७ किलोमीटरचे अंतर ६ तास ३९ मिनिटांत तोडून चषक जर्मनीला मिळवून दिला. सरासरी वेग ताशी सुमारे ७९ किलोमीटर.

हा आकडा आशेरच्या विक्रमाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. दोन्ही गाड्यांची शक्ती जवळपास सारखी, चालक तोच. एका गाडीने एक किलोमीटर जिंकला. दुसरीने वाटेत इंधन भरत दिवसभर रस्ता जिंकला. शिशाचे घट आणि पेट्रोलची टाकी यांतील सारे अंतर येथे मोजून मिळते.

पुढील वर्षी जर्मनीत तो लेऑं तेरीच्या मागे दुसरा आला. व्हँडरबिल्ट चषकासाठी अमेरिकेतही जाऊन आला. मग शर्यती हळूहळू मागे पडल्या आणि तो ब्रसेल्सला रबराच्या धंद्याकडे परतला.

इतके अपघात पचविलेल्या या माणसाचा अंत जमिनीवर उभा असताना झाला. डिसेंबर १९१३मध्ये आर्देनच्या जंगलात आबे-ला-नव्ह येथे मित्रांसह तो शिकारीला गेला होता. रात्री सोबत्यांची थट्टा करावी म्हणून झुडपाआड लपून त्याने रानडुकराचा आवाज काढला, असे सांगितले जाते. एका मित्राने खरेच जनावर समजून गोळी झाडली. मर्सिडीझमध्ये घालून त्याला रुग्णालयाकडे नेले जात असता रक्तस्रावाने वाटेतच प्राण गेले. आपण मर्सिडीझमध्येच मरणार, असे तो पूर्वी म्हणत असे, अशीही आख्यायिका आहे. तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. त्याचे दफन ब्रसेल्समधील लाकेनच्या दफनभूमीत झाले. 'ला जामे कोंतांत' मात्र फ्रान्समध्ये राहिली. काँपिएन्य येथील राष्ट्रीय वाहन संग्रहालयाच्या संग्रहात ती जतन करून ठेवण्यात आली आहे.